सिग्नल आणि व्हेराक्रिप्ट : क्वांटम संगणकापुढे टिकणारी कुलुपे

आज चोरून साठवलेला सांकेतिक मजकूर पुढे पुरेसा समर्थ क्वांटम संगणक आल्यावर उलगडता येईल, ही भीती खरी आहे. म्हणून ज्यांची गुपिते वीस-तीस वर्षे टिकायला हवीत, त्यांनी आपली साधने आत्ताच पारखून घ्यावीत.

संदेशांसाठी माझी पहिली पसंती सिग्नल या ॲपला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने संभाषणाची गुप्त किल्ली ठरवण्याची पीक्यूएक्सडीएच ही पद्धत आणली. तीत एक्स२५५१९ या जुन्या गणिताच्या जोडीला कायबर-१०२४ हे क्वांटम संगणकापुढे टिकण्यासाठी रचलेले नवे गणित वापरले जाते आणि संभाषणाची किल्ली मिळवायची तर दोन्ही फोडावी लागतात. नवे गणित उद्या कच्चे निघाले तरी जुने कुलूप शाबूत राहते, ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. वापरणाऱ्याला ॲप अद्ययावत ठेवण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. उणीव आहे ती ओळख पटवण्याच्या टप्प्यात, कारण ते काम अजून जुन्याच गणितावर चालते. आयमेसेजमधील २०२४ ची अशीच पीक्यू३ रचनाही भक्कम आहे, पण ती ॲपलच्या उपकरणांपुरतीच.

फाइलींसाठी नवे काही घेण्याची गरज नाही. फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हेराक्रिप्टमधील एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीचे बळ ग्रोव्हरच्या अल्गोरिदमने, म्हणजे किल्ली वेगाने शोधण्याच्या क्वांटम पद्धतीने, तत्त्वतः निम्मे झाले, तरी १२८ बिटांची सुरक्षा उरते आणि ती पुरेशी आहे. तिथे खरा धोका दुबळ्या पासवर्डचा. स्वतःचा गुप्त अल्गोरिदम ‘क्वांटम-सुरक्षित’ म्हणून विकणाऱ्या साधनांपासून मात्र दूरच राहावे, कारण ऑगस्ट २०२४ पासून एमएल-केईएम हे किल्ली ठरवण्याच्या क्वांटम-सुरक्षित पद्धतीचे, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेचे खुले मानक सर्वांना उपलब्ध आहे.