फ्लार्म : ग्लायडरमधला शहाणा हॉर्न

इंदूरला राजवाड्यासमोर चाळीस वर्षं स्कूटर चालवली, त्यामुळे हॉर्नशिवाय वाहन मला पटत नाही. लेकीकडे जर्मनीत गेलो तेव्हा जावईबापूंनी ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, बसवलं. समोर साबणाच्या वडीएवढा डबा : स्विस फ्लार्म, टक्करीचा इशारा देणारा, २००४ पासून विकला जातो. जीपीएस आणि हवेच्या दाबावरून तो आपली जागा-उंची काढतो, पुढच्या काही सेकंदांचा मार्ग रेडिओवर कळवतो, इतरांचा ऐकतो. टक्कर संभवत असेल तरच ओरडतो. ही अक्कल मला फार आवडली. गरम हवेच्या एकाच झोतात चार-पाच ग्लायडर घारींसारखी घिरट्या घालतात. नुसत्या जवळिकीवर वाजला असता तर कान किटले असते!

एकदा वाजलाच, लाल दिवा उजवीकडे. मान वळवली तर आमच्याच उंचीवर पांढरं ग्लायडर, बारीक रेघेसारखं. मला आधी दिसलंच नव्हतं.

उणीव मोठी आहे. समोरच्याकडे फ्लार्म नसेल तर साधा डबा मुका. ट्रान्सपाँडरवाली (रडारला आपोआप उत्तर देणारा रेडिओ असलेली) विमानंही कळायला हवीत तर महागडा पॉवरफ्लार्म घ्या. कार्बन फायबरमागे अँटेना दडली की एका बाजूने बहिरा. शिवाय दरवर्षी सॉफ्टवेअर अपडेट.

"बाबा, नजर बाहेर ठेवा," जावई दोनदा म्हणाले. मी डब्याकडेच बघत होतो.

पाचपैकी चार तारे.