ई-माउंटन बाइकला ३४ ऐवजी ३८ दात्यांची चेनरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोठी चेनरिंग (पेडलजवळचं, चेन ओढणारं पुढचं दातेरी चाक) बसवली की ई-बाइक जास्त जोरात पळेल, या अपेक्षेने कोणी हे वाचत असेल तर आधीच सांगतो: मोटरची मदत ज्या वेगाला बंद होते, तो वेग चेनरिंग बदलून हलत नाही. सेन्सर मागच्या चाकाचा वेग मोजतो, पेडलचा नाही. युरोपातल्या नियमाप्रमाणे ताशी २५ किलोमीटर, अमेरिकेत क्लास १ च्या बाइकला ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. ती मर्यादा पुढे ३२ दाते असोत की ४२, तिथेच राहते. तरीही मी ३८ ची चेनरिंग काढलेली नाही आणि काढणारही नाही. मला झालेला फायदा सर्वोच्च वेगाचा नाहीच. चेन कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या) कुठल्या चकत्यांवर दिवस काढते, त्याचा आहे.

माझी बाइक फुल सस्पेन्शन, २९ इंची चाकं, ८५ न्यूटन-मीटरची मिड-ड्राइव्ह (पेडलजवळ बसवलेली) मोटर, मागे १०-५१ ची, म्हणजे १० ते ५१ दात्यांच्या बारा चकत्यांची, १२-स्पीड कॅसेट. मूळ चेनरिंग ३४ ची. माझ्या फेऱ्यांमध्ये ट्रेल असते, पण ट्रेलपर्यंत जाणारा लांबलचक डांबरी आणि कच्चा रस्ताही असतो. त्या रस्त्यावर मी मर्यादेच्या आसपास, उतार लागला की थोडा वर चालवतो.

आता हिशोब बघा. २९ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातं. मिनिटाला ८० फेरे पेडल मारत ताशी २५ किलोमीटर धरायचे तर ३४ च्या चेनरिंगला मागे १५ च्या जवळचे दाते लागतात, म्हणजे चेन १४ आणि १६ च्या चकत्यांमध्ये ये-जा करते. ३८ ला तेच काम १७ च्या आसपास होतं, म्हणजे १६ आणि १८ वर. ताशी ३० ला ३४ ची चेन १२ वर उतरते, ३८ ची १४ वर थांबते. फरक कागदावर एका चकतीचा दिसतो. पण कॅसेटच्या या टोकाला एक चकती म्हणजे बरंच काही. १०-१२ च्या चकतीवर जोर मोजक्याच दात्यांवर येतो, चेनची प्रत्येक कडी जास्त वाकते आणि चेन फ्रेमच्या मधल्या रेषेपासून सर्वात बाहेर असते. मोटर लावलेल्या बाइकवर सगळ्यात आधी झिजतात त्या याच चकत्या. चेनरिंग बदलल्यापासून माझी चेन जास्त सरळ रेषेत चालते, आणि रस्त्यावर पूर्वी सतत ऐकू येणारी घरघर बरीच कमी झाली आहे.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. चेनवरचा ताण म्हणजे क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, भागिले चेनरिंगची त्रिज्या. ३४ ची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर, ३८ ची ७७. मोटरचे पूर्ण ८५ न्यूटन-मीटर घेतले तर चेनवर ३४ ला १२३० न्यूटनच्या आसपास ओढ येते, ३८ ला ११०० च्या. त्यात पायांचा जोर वेगळा. म्हणजे तेवढ्याच टॉर्कला चेन साधारण दहा टक्के कमी ताणली जाते. १२-स्पीडची बारीक चेन ०.५ टक्के लांबली की बदलायची असते, आणि ई-बाइकवर ती वेळ फार लवकर येते, हे रोज चालवणाऱ्याला सांगायला नको. चेन तपासायचं गेज माझ्याकडे आहे आणि सध्याची चेन आधीच्या चेनपेक्षा हळू लांबते आहे. एका चेनवरून छातीठोक निष्कर्ष काढणार नाही, पण कल स्पष्ट आहे.

बसवताना काय काय आड येतं, ते नीट सांगतो. चार दाते वाढले की चेनरिंग चारही बाजूंनी सुमारे ८ मिलिमीटर वाढते. मागे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) असतो, म्हणून फ्रेम बनवणाऱ्याने जास्तीत जास्त किती दात्यांची परवानगी दिली आहे ते सर्वात आधी बघा. माझ्या फ्रेमला ३८ चालते, त्यापुढे नाही. बाइक स्टँडवर असताना दिसणारी फट खरी समजू नका, कारण जोरात पेडल मारताना फ्रेम आणि क्रँक दोन्ही थोडे लवतात. चेन गाइड (चेन निसटू न देणारा भाग) वर सरकवावा लागला. बॅश गार्ड (दगडापासून चेनरिंगला वाचवणारं कवच) ३६ पर्यंतचाच होता, तो मोठा घ्यावा लागला. खाली दगडापासूनचं अंतर तेच ८ मिलिमीटर कमी झालं आहे, त्यामुळे आडवी खोडं ओलांडणाऱ्यांनी बॅश गार्डशिवाय हा उद्योग करूच नये.

चेनही लांब लागते. चार जादा दात्यांपैकी चेन निम्म्यांना वेढते, म्हणजे दोन कड्या, एक आतली आणि एक बाहेरची. जुनी चेन आधीच बेताची असेल तर ती तशीच ठेवू नका. शॉकमधली हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर दाबा, चेन ५१ च्या चकतीवर चढवा आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) कितपत ताणला जातो ते बघा. सस्पेन्शन दबताना बहुतेक फ्रेमवर चेनरिंग आणि मागच्या चाकातलं अंतर वाढतं. उभ्या बाइकवर पुरेशी वाटणारी चेन मोठ्या खड्ड्यात डिरेलर मोडू शकते.

क्रँक काढायला पुलर आणि चेनरिंग घट्ट धरणाऱ्या लॉकरिंगचं त्या मोटरचंच टूल हवं. लॉकरिंगचे आटे उलटे आहेत का, हे जोर लावण्याआधी मोटरच्या माहितीपुस्तकात बघा, आणि परत बसवताना टॉर्क रेंच वापरा. चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मधल्या रेषेपासून चेनरिंगचं अंतर, मूळचीच ठेवा. माझी ५५ मिलिमीटरची आहे, म्हणून त्याच ऑफसेटची चेनरिंग शोधली. दाते एकाआड एक अरुंद-रुंद असलेलीच घ्या आणि ती तुमच्या चेनशी जुळते याची खात्री करून घ्या.

एक महत्त्वाची सूचना जुन्या बाइकवाल्यांसाठी. बॉशच्या दुसऱ्या पिढीच्या मोटरवर पुढे छोटी चेनरिंग असते आणि पेडलच्या एका फेऱ्याला ती अडीच फेरे फिरते. तिथे १५ दाते म्हणजे साध्या क्रँकवरचे ३७.५ झाले. एक दाता वाढवला की अडीच वाढवल्यासारखं होतं. वरचे आकडे त्या मोटरला जसेच्या तसे लावू नका.

आता चढ. इथे किंमत मोजावी लागते, आणि ती लहान नाही. सर्वात हलका गिअर (पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचे फेरे) ३४ ला ०.६७ होता, ३८ ला ०.७५ झाला. मिनिटाला ६० फेऱ्यांनी पूर्वी ताशी साडेपाच किलोमीटरने चढत होतो, आता त्याच फेऱ्यांना ६.२ लागतात. मुळं, सुटे दगड आणि वळण एकत्र आलं की ६.२ धरता येत नाही. वेग साडेपाचवरच राहिला तर फेरे ५४ वर येतात, आणि इतक्या कमी फेऱ्यांत मोटरला बळ कमी पडल्याचं पायाला लगेच कळतं. मोटर जास्त वीज खाते, तापते, आणि फार तापली की स्वतःच मदत कमी करते. त्या हलक्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा मोटरचा टॉर्कही सुमारे १२७ वरून ११४ न्यूटन-मीटरवर आला आहे. मोटरची मदत टर्बोमध्ये, म्हणजे सर्वात जास्तवर, टाकून हे झाकता येतं, पण मग बॅटरी झपाट्याने उतरते. रस्ता आणि मध्यम चढाच्या दिवशी रेंजमध्ये मला फरक जाणवत नाही. उभ्या चढांच्या दिवशी नक्की जाणवतो.

त्यामुळे चढण्याची सवय बदलली. गिअर चढ सुरू होण्याआधीच टाकतो, रेष आधी ठरवतो, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरुवात करायची वेळ शक्यतो येऊ देत नाही. उभ्या चढावर बंद पडलेली बाइक ३८ वर पुन्हा हलवणं खरोखर अवघड आहे. पायी ढकलताना मोटरची मदत देणाऱ्या वॉक मोडची ओढही थोडी कमी वाटते. त्याची मर्यादा ताशी ६ किलोमीटरची आणि गिअर आता जड, त्यामुळे वॉक मोड लावण्याआधी मागे सर्वात मोठी चकती घ्यायलाच हवी.

सस्पेन्शनवरचा परिणाम फार कमी लोक बोलतात. चेनरिंग मोठी झाली की बहुतेक फ्रेमवर अँटी-स्क्वॉट कमी होतो, म्हणजे पेडल मारताना मागचा भाग थोडा जास्त दबतो. गुळगुळीत चढावर बसून पेडल मारताना मला हे डोलणं कळतं आणि मी शॉकचा लिव्हर घट्ट बाजूला टाकतो. उलट खडबडीत चढावर मागचं चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं, आणि पेडलला मागे बसणारे झटके सौम्य झाले आहेत. ही देवाणघेवाण मला मान्य आहे.

माझं मत असं: ज्यांचा निम्म्याहून जास्त वेळ रस्ता, कच्चा रस्ता आणि लांब चढ-उतारांत जातो, त्यांनी फ्रेम परवानगी देत असेल तर ३८ लावावी. ज्यांना उभे तांत्रिक चढच आवडतात, त्यांनी ३४ ला हात लावू नये. मधल्या सगळ्यांना ३६ पुरेशी आहे. गिअर सहा टक्केच जड होतो आणि बॅश गार्डही बहुधा तोच चालतो. मागचं चाक २७.५ इंची असेल तर गिअर मुळातच पाचेक टक्के हलका असतो, तिथे ३६ लावणं म्हणजे २९ वर ३४ असल्यासारखंच. आणि कॅसेट ११-५० असेल तर ३८ आणखी शोभते, कारण ३८-११ चा जड गिअर ३४-१० च्या जवळपास तेवढाच पडतो आणि १० ची चकती हिशोबातूनच जाते.

सध्याची चेनरिंग ॲल्युमिनियमची आहे. तिचे दाते एका बाजूने चमकायला लागले आहेत, अजून हुकासारखे वाकडे झालेले नाहीत. पुढची चेन बदलताना स्टीलची ३८ बसवणार आहे. वजन थोडं वाढेल, पण मोटरच्या बाइकवर ते कळणार नाही, आणि स्टील जास्त टिकतं.