डिस्नीलँड पॅरिस: दोन दिवस पार्कचे आणि मधला एक दिवस शहराचा

मे २०२५ मध्ये आम्ही पाच जण डिस्नीलँड पॅरिसला जाऊन आलो. मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा मुलगा. आल्यापासून ओळखीतले सगळे प्लॅन विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. सगळ्यात आधी ती एक गोष्ट सांगते जिच्यामुळे आमची सहल खरंच सुखाची झाली, ती म्हणजे पॅरिस शहराचा दिवस आम्ही शेवटी न ठेवता दोन पार्कच्या दिवसांच्या बरोब्बर मधे ठेवला.

आधी एका टूरवाल्याकडून प्लॅन मागवला होता, त्यात सलग दोन दिवस पार्क आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन बसने पॅरिस, तिथे आठ ठिकाणं आणि रात्री थेट एअरपोर्ट असं होतं. कागदावर छान दिसतं ते, पण पार्कमध्ये मुलं सकाळी नऊला शिरतात आणि मे महिन्यात तिकडे सूर्यच रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्रीचा शो बघायचा म्हणजे झोपायला बारा हे ठरलेलंच. असे दोन दिवस लागोपाठ काढून तिसऱ्या दिवशी पाच वर्षांचं पोर आणि गुडघे दुखणारी सत्तरीची बाई यांना घेऊन शहर फिरायचं? मला ते पटेना. मग आम्ही स्वतःच बसून आखलं: सोमवारी पोचायचं, मंगळवारी पार्क, बुधवारी पॅरिस, गुरुवारी परत पार्क, शुक्रवारी परतीचं विमान.

बुधवारच का, त्यालाही कारण आहे. फ्रान्समध्ये बऱ्याच प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी किंवा अर्धा दिवस असतो, म्हणजे तिथली मुलं त्या दिवशी पार्कात येणार, मग आपण शहरात गेलेलं बरं. शिवाय लूव्हर म्युझियम मंगळवारी बंद असतं, कोणाला आत जायचंच असेल तर बुधवार चालतो, त्या दिवशी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. आणि मे महिन्यात जाणाऱ्यांनी तिकडचं कॅलेंडर आधी उघडून बघाच बघा. १ मे आणि ८ मे या त्यांच्या सार्वजनिक सुट्ट्या, त्यात असेन्शनची (येशूच्या स्वर्गारोहणाची) सुट्टी कायम गुरुवारीच येते, २०२५ मध्ये तर तिन्ही गुरुवारी आल्या होत्या आणि लोक मधल्या शुक्रवारी रजा टाकून चार दिवस फिरायला निघतात. आम्ही हे बघूनच १९ ते २३ मे हा मधला आठवडा घेतला. आपल्याकडे मुलांच्या परीक्षा आणि विमानाचं भाडं बघून तारखा ठरतात, पण तिथल्या सुट्ट्या कोणी बघत नाही आणि मग सगळी चिडचिड रांगेत निघते.

राहायला आम्ही व्हाल द्यूरोप स्टेशनजवळ किचन असलेली खोली घेतली. हे स्टेशन पार्कच्या आधीचं, फक्त एक स्टॉप अलीकडे, आणि बाजूलाच मोठा मॉल नि सुपरमार्केट. पार्कच्या स्वतःच्या हॉटेलात राहिलं की सकाळी इतरांच्या आधी आत सोडतात, तो फायदा मोठा आहे हे मान्य, पण सासूबाईंना रोज रात्री भात लागतो आणि मुलाला दही, तेव्हा आमच्यासाठी दोन शेगड्या जास्त महत्त्वाच्या होत्या. खोली घेताना एक बघा, तिकडे फॅमिली रूम म्हणजे चारच जणांची असते बहुतेक वेळा. आम्ही पाच आहोत हे बुकिंगमध्ये लिहूनसुद्धा पोचल्यावर रिसेप्शनवर अर्धा तास गेला आणि शेवटी सोफा उघडून सोय झाली. मेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा, तोंडी बोलण्यावर राहू नका.

आता पार्क. मुळात दोन पार्क आहेत शेजारी शेजारी, डिस्नीलँड पार्क १९९२ पासूनचं आणि आम्ही गेलो तेव्हा ज्याला स्टुडिओ पार्क म्हणत ते २००२ चं. पहिल्या दिवशी आम्ही फक्त पहिलंच पार्क केलं आणि दुसऱ्या वेळी दोन्ही पार्कांचं एक दिवसाचं तिकीट घेतलं. मधे एक दिवस सोडायचा असल्यामुळे दोन वेगळ्या तारखांची तिकिटं काढली, जरा जास्त पैसे गेले. तुम्ही जास्त दिवसांचं एकत्र तिकीट घेणार असाल तर दिवस सलगच वापरायची अट आहे का ते वाचूनच पैसे भरा.

मुलांची उंची घरी मोजून जा, हे मी हात जोडून सांगते. बिग थंडर माउंटन या राईडला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, क्रश कोस्टरला १०७, हायपरस्पेस माउंटनला १२० आणि इंडियाना जोन्सच्या कोस्टरला थेट १४०. आमचा मुलगा १०३ चा. जानेवारीपासून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा चालू होत्या त्याच्या, कुठली राईड मिळणार आणि कुठली नाही हे त्याला पाठ होतं, त्यामुळे क्रशच्या दाराशी रडारड झाली नाही. आणि बिग थंडरच्या पट्टीखाली तो जेव्हा ताठ उभा राहिला आणि तिथल्या ताईने मान हलवून आत सोडलं तेव्हा त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती राईड आहेही भन्नाट, डोंगर तळ्यातल्या बेटावर आहे आणि गाडी आधी पाण्याखालच्या बोगद्यातून तिकडे जाते, तो अंधार आणि एकदम उजेडात वर चढणं, लेकीने तीनदा केली.

दोघा पालकांना मोठी राईड करायची असेल आणि धाकटं बसू शकत नसेल तर बेबी स्विच विचारा. एकाने आधी जायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, मग दुसऱ्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. पैसे देऊन रांग टाळायची सोय पण आहे, प्रीमियर ॲक्सेस म्हणतात, पार्कच्या ॲपमध्ये एकेका राईडचं घेता येतं आणि दर दिवसाप्रमाणे बदलतो. आम्ही ते फक्त पीटर पॅनसाठी घेतलं, कारण लहान मुलांची आवडती राईड आणि रांग दिवसभर हलत नाही. बाकीच्या ठिकाणी ॲपवर थांबायची वेळ बघत बघत गेलो, दुपारची परेड चालू असताना बरीच गर्दी तिकडे वळते तेव्हा दोन राईड पटकन झाल्या.

सासूबाईंसाठी गेटपाशीच व्हीलचेअर भाड्याने घेतली. आधी त्या नको नको करत होत्या, दुपारपर्यंत स्वतःच म्हणाल्या बरं झालं गं घेतलीस. त्यांना सगळ्यात काय आवडलं तर गुलाबी किल्ला. त्याच्या वर जाता येतं, काचेवरची रंगीत चित्रं आहेत, आणि खाली गुहेत साखळीने बांधलेला प्रचंड ड्रॅगन आहे जो श्वास घेतो, डोळे उघडतो, गुरगुरतो. बरेच जण किल्ल्यासमोर फोटो काढून पुढे जातात आणि गुहा राहूनच जाते. आणखी एक, मेन स्ट्रीट म्हणजे गेटपासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या मागून झाकलेले लांबच लांब रस्ते आहेत, पाऊस आला की सगळे समोरून पळतात, तुम्ही त्या आतल्या बाजूने कोरडे चालत जा. पाऊस येतोच, मे असला तरी रेनकोट आणि स्वेटर दोन्ही घ्या.

बुधवारी सगळे आठ वाजेपर्यंत झोपले. कोणी कोणाला उठवलं नाही. हाच तो मधल्या दिवसाचा फायदा, शहराला गेट उघडायची वेळ नसते.

पॅरिसला जायला आरईआर ए ही लोकल. जानेवारी २०२५ पासून तिकडे मेट्रो आणि लोकलचं तिकीट सगळीकडे सारखंच झालंय, २०२५ मध्ये ते अडीच युरो होतं, चार ते नऊ वर्षांच्या मुलांना अर्धं, जुन्या व्हिडिओंमध्ये पार्कपासूनचे पाच युरो सांगतात ते आता विसरा. प्रत्येकाला वेगळं नाविगो ईझी कार्ड (ज्यावर तिकिटं भरतात ते) लागतं, तेव्हा दोन युरोचं होतं, एकाच कार्डावर सगळ्यांना आत घेता येत नाही. दिवसाचा पास तेव्हा १२ युरोचा होता, आमच्या चारच फेऱ्या होत्या म्हणजे मोठ्या माणसाला दहा युरो, म्हणून सुटी तिकिटंच घेतली. एअरपोर्टचं तिकीट मात्र वेगळं आणि महाग. बाहेर पडतानाही कार्ड लावावं लागतं, ते हातात ठेवा आणि पाकीट, फोन आतल्या खिशात.

लोकलने थेट शार्ल द गोल एतवाल स्टेशनला गेलो, पाऊण तासाच्या आसपास लागला, तिथे त्याच तिकिटावर मेट्रो ६ पकडली. ही गाडी तिथूनच सुटते त्यामुळे बसायला मिळतं. डाव्या बाजूला खिडकीशी बसा. पासी स्टेशननंतर गाडी उघड्यावर पुलावरून सीन नदी ओलांडते आणि एकदम समोर आख्खा आयफेल टॉवर. मुलं ओरडलीच. ३३० मीटरचा टॉवर पहिल्यांदा बघायचा तर असाच बघावा. पुढच्याच बिर हाकेम स्टेशनला उतरून चालत पायथ्याशी गेलो. वर चढलो नाही. लिफ्टची तिकिटं ऑनलाइन साधारण ६० दिवस आधी खुली होतात, ज्यांना वर जायचंय त्यांनी तेव्हाच घ्यावीत, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि आमच्याकडे एकच दिवस होता.

त्याऐवजी टॉवरखालूनच तासाभराची बोट केली. पायांना आराम, वरून छत, आणि लूव्हर, ओर्से म्युझियम, नोत्र दाम कॅथेड्रल सगळं बसल्या जागी समोरून जातं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पॅरिसमध्ये एवढं एक केलं तरी दिवस सार्थकी. मग आरईआर सी ने सेंट मिशेलला जाऊन नोत्र दाम आतून बघितलं. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली होती, डिसेंबर २०२४ मध्ये परत उघडलं, आतला दगड आता इतका स्वच्छ आणि उजळ आहे की छतापर्यंत नजर सरळ जाते. प्रवेश फुकट, वेळही ऑनलाइन फुकट राखता येते. लेकीने टीव्हीवर ती आग बघितलेली नव्हती, नवऱ्याने तिला फोनवर फोटो दाखवले, मग ती बराच वेळ मान वर करून गप्प उभी होती.

लूव्हरच्या आत गेलो नाही आणि त्याचं वाईट वाटलं नाही. त्या वेळात आम्ही गार दू नोरला उतरून ला शापेल भागात गेलो, तिथे श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आणि दुकानं आहेत, गरम डोसा, सांबार, भात, आणि जवळच रस्त्याकडेला गणपतीचं देऊळ. तिसऱ्या दिवशी परक्या देशात बाप्पासमोर हात जोडताना सासूबाईंचे डोळे भरून आले. कुठल्याच टूरच्या प्लॅनमध्ये मला ही जागा दिसली नव्हती. परत येताना पाटीवर गाडी मार्न ला व्हाले शेसीची, म्हणजे पार्कच्या स्टेशनची आहे ना हे बघा, व्हॅन्सेननंतर लाइन फुटते आणि दुसऱ्या फाट्याची गाडी भलतीकडे नेते.

खाण्याचं थोडक्यात. पार्कात शाकाहारी मिळतं पण पिझ्झा, पास्ता, फ्राईज यातच फिरतं, म्हणून थेपले आणि चिवडा पर्समध्ये ठेवला होता, छोटंमोठं घरचं खाणं आत नेऊ देतात, काचेची बाटली नको. दूध, तूप, पनीर, पेढे भारतातून नेऊ नका, युरोपात प्रवाशांना बाहेरचे दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, सहाच्या आतल्यांना नाही, आणि ३०,००० युरोचा विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी लवकरच करा.

गुरुवारी सगळे ताजेतवाने. सकाळी स्टुडिओ पार्क, तिथे तेव्हा बरंच बांधकाम चालू होतं त्यामुळे दुपारपर्यंत पुरलं, मग परत पहिल्या पार्कात, आवडलेल्या राईड पुन्हा. दोन दिवसांपूर्वी मंगळवारी मुलगा नऊलाच खांद्यावर झोपला होता आणि रात्रीचा शो हुकला होता. गुरुवारी संध्याकाळी त्याला व्हीलचेअरवर आजीच्या मांडीवर तासभर झोपवलं, बरोबर वेळेवर उठवलं, आणि किल्ल्यावर पहिला उजेड पडला तेव्हा तो आजीचा हात धरून उभा होता.