मूत्रपिंडावरचा टेस्टोस्टेरॉनचा परिणाम: ओडीसी मोजावे की ग्लुक्युरोनिडेज?

माऊसच्या किडनीवर टेस्टोस्टेरॉन काय करते हे अभ्यासायचे ठरले, की कोणते एन्झाइम धरायचे यावर गाइडच्या केबिनमध्ये घोळ सुरू होतो. हमखास दोन नावे पुढे येतात: ऑर्निथीन डिकार्बोक्सिलेज, म्हणजे ओडीसी (ऑर्निथीन या अमिनो आम्लापासून प्युट्रेसीन हे संयुग बनवणारे), आणि बीटा-ग्लुक्युरोनिडेज (रेणूंना जोडलेले ग्लुक्युरोनिक आम्ल तोडणारे). दोन्हींची वाढ होते ती मुख्यतः प्रॉक्सिमल नलिकेच्या, म्हणजे किडनीतल्या सूक्ष्म नलिकेच्या सुरुवातीच्या भागाच्या, पेशींत, आणि अँड्रोजन रिसेप्टरमार्फतच, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत. मेरी लायन आणि सुझन हॉक्स यांनी १९७० साली वर्णन केलेल्या टीएफएम (टेस्टिक्युलर फेमिनायझेशन) या उत्परिवर्तित माऊसमध्ये हा रिसेप्टर निकामी असतो; त्याला कितीही टेस्टोस्टेरॉन द्या, दोन्ही एन्झाइमे ढिम्म. साम्य इथे संपते.

ओडीसी उतावळे आहे. हार्मोन दिल्यावर काही तासांतच त्याची पातळी चढू लागते. पण या प्रथिनाचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे नष्ट व्हायला लागणारा वेळ, एरवी मिनिटांत मोजावे लागते, आणि टेस्टोस्टेरॉन जनुकाला चेतवतेच, शिवाय प्रथिनाचे विघटनही मंदावते. म्हणजे एन्झाइमची क्रियाशीलता वाढलेली दिसली, तरी त्यात नवे आरएनए किती आणि टिकून राहिलेले जुने प्रथिन किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. तुमचा प्रश्नच हा असेल तर ओडीसीसारखे दुसरे एन्झाइम नाही. नसेल तर नसती उठाठेव.

त्यात मोजणीची कटकट वेगळी. रूढ पद्धतीत किरणोत्सारी कार्बन असलेले ऑर्निथीन वापरून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पकडतात. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि तशी सोय असलेली खोली हवी. एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) प्युट्रेसीन मोजता येते, पण ते बसवण्यातच पहिले सत्र जाते. क्यूपीसीआर, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत वाढवत नेऊन जनुकाचे आरएनए मोजणे, करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माऊसच्या जनुकसंचात ओडीसीशी मिळतेजुळते अनेक क्रम विखुरलेले आहेत, त्यातले काही इंट्रॉन (जनुकातले, आरएनए तयार होताना कापले जाणारे तुकडे) नसलेले. त्यामुळे इंट्रॉन ओलांडणारे प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेतले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. डीएनेज (उरलेला डीएनए नष्ट करणारे एन्झाइम) नीट करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएची डीएनए प्रत बनवणारे एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक सॅम्पलसोबत लावा. त्या नळीत वक्र वर आला तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

ग्लुक्युरोनिडेज याच्या अगदी उलट. सुरुवातीला काहीच घडत नाहीसे वाटते, मग चढण सुरू होते आणि ती दोन-तीन आठवडे चालते. पण एन्झाइम टिकाऊ, सॅम्पल गोठवून ठेवता येते, आणि ४-मिथाइलअंबेलिफेरिल ग्लुक्युरोनाइड (एन्झाइमने तोडल्यावर चमकणारे रसायन) घातले की साध्या फ्लुओरोमीटरवर वाचन मिळते. शिवाय लायसोसोममधले (पेशीतला टाकाऊ पदार्थ पचवणारा कप्पा) हे एन्झाइम नलिकेच्या पोकळीत सोडले जाते आणि लघवीत उतरते. त्यामुळे त्याच प्राण्याचा आलेख दिवसागणिक काढता येतो, प्रत्येक टप्प्यावर वेगळे प्राणी मारावे लागत नाहीत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे प्रस्ताव नेताना या मुद्द्याचे वजन पडते.

ग्लुक्युरोनिडेजची खरी मेख स्ट्रेनमध्ये, म्हणजे माऊसच्या शुद्ध वंशात, आहे. स्वांक, पेगन आणि गॅन्शो यांनी १९७३ मध्ये दाखवले, की प्रतिसाद किती जोरदार असेल हे एन्झाइमच्या जनुकालगतच्या एका नियामक स्थानावर ठरते. ए/जे स्ट्रेनमध्ये एन्झाइम जोरात वाढते, सी५७ब्लॅक/६मध्ये बेताने. सी३एचमध्ये मुळातच हे एन्झाइम कमी. प्राणीगृहात जे मिळेल ते घेऊन काम सुरू केले आणि दुसऱ्याच स्ट्रेनवरच्या पेपरशी आकडे ताडले, तर फरक हार्मोनचा की वंशाचा हे सांगता येणार नाही.

माझे मत विचाराल तर एम.एस्सी.च्या प्रबंधाला ग्लुक्युरोनिडेजच घ्या, संथ असले तरी. वेळ इंजेक्शनांत जातो, पण मोजणीत अडकत नाही. पीएच.डी. असेल, प्रथिनांच्या विघटनात रस असेल आणि लॅबमध्ये ओडीसीची मोजणी आधीपासून रुळलेली असेल, तर ओडीसी.

दोन्हींसाठी प्रौढ माद्या सोयीच्या. शस्त्रक्रिया न करता टेस्टोस्टेरॉन देता येते, आणि नियंत्रण गटाची पातळी मुळातच कमी असते. वय मात्र आठ आठवड्यांच्या पुढचे घ्या. नर आणि मादीच्या किडनीतले जनुकीय फरक साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात प्रस्थापित होतात, असे संशोधक मॅकमोहन यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले. त्याच कामात उष्मांक कमी केल्यावर नरांची किडनी मादीसारखी वागू लागल्याचे दिसले, म्हणून नर वापरत असाल तर खाद्याची नोंदही ठेवा. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे औषध ‘निव्वळ प्रोजेस्टिन’ (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे द्रव्य) म्हणून नियंत्रण गटात वापरू नका. माऊसच्या किडनीत ते अँड्रोजनसारखे काम करते.

रॅटच हाताशी असतील तर या दोघांच्या मागे लागू नका. तिथे क्रिएटिन (स्नायूंना ऊर्जा पुरवण्यात मदत करणारे संयुग) बनवण्याच्या पहिल्या पायरीचे एन्झाइम, अमिडिनोट्रान्सफरेज, बघा: टेस्टोस्टेरॉनने वाढते, इस्ट्रोजेनने घटते. फक्त खाद्यात क्रिएटिन किती आहे ते तपासून घ्या, कारण क्रिएटिन वाढले की हे एन्झाइम आपोआप दबते. आणि निष्कर्षात ‘माणसातही असेच’ हे वाक्य लिहायचा मोह आवरा. त्याच २०२३ च्या कामात मानवी किडनीत माऊसशी जुळणारे लिंगानुसार नियंत्रण मोजक्याच जनुकांत सापडले.