घरी पीसीबी करायची तर फेरिक क्लोराइड की क्युप्रिक क्लोराइड?

पीसीबी, म्हणजे सर्किटच्या जोडण्या तांब्याच्या पट्ट्यांनी केलेले बोर्ड, हल्ली बाहेरून स्वस्तात करून मिळतात. तरीही रात्री सुचलेलं सर्किट सकाळी चालवून बघायची खाज असेल, तर कोऱ्या बोर्डावरचं नको तिथलं तांबं रसायनात विरघळवून घरीच उतरवावं लागतं. त्यासाठी दोन क्लोराइडं सोयीची आहेत, आणि नवीन माणूस नेमका इथेच अडकतो. दोन्ही वापरली आहेत, म्हणून चार शब्द.

फेरिकचं कौतुक आधी करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, कुठेही मागा, पुडी पुढ्यात येते. हातमोजे घालायचे, पाण्यात थोडे थोडे खडे टाकायचे (उलटं करू नका, चांगलंच तापतं), बोर्ड बुडवायचा आणि हलवत बसायचं. वाफांचा त्रास जवळजवळ नाही. कडा सुबक येतात. मार्करने काढलेले ट्रॅकही (म्हणजे शाईखाली राखायच्या तांब्याच्या पट्ट्या) सहसा टिकतात. शिवाय या रसायनाला इतिहास आहे. फिनॉल ओळखायला कॉलेजात तेच वापरलं असेल. १९३४ साली नॉर्वेत आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरने मतिमंद भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, अनपेक्षित हिरवा रंग आला, आणि त्या धाग्यावरून फिनाइलकीटोन्युरिया हा आजार सापडला. एवढा मान असलेलं रसायन आपण तांबं खायला लावतो, असो.

पण ते गढूळ असतं. काळपट तपकिरी द्रावणात बोर्ड बुडाला की दिसेनासा होतो. तांबं गेलं की नाही ते कळायला तो बाहेर काढा, धुवा, उजेडात धरा, परत बुडवा. दर खेपेला दोन थेंब कुठेतरी पडणारच. कपड्यावर पडले तर तो कपडा यापुढे फक्त असल्या कामालाच घालायचा असं समजायचं. आमच्याकडे मागे शहाबादी फरशी आहे. चुनखडीच ती, तिच्यावर थेंब पडला की आधी बारीक फेस येतो, मग गंजाचा डाग. ऑक्झॅलिक ॲसिडने डाग उतरतो, पण तिथली चकाकी जाते ती जातेच. स्टीलच्या सिंकचं त्याहून वाईट: फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. घरातल्यांचा विरोध होता तो छंदाला नव्हता, या डागांना होता. आणि डागांचं मूळ एकच, आत काय चाललंय ते दिसत नाही.

क्युप्रिकची बाटली विकत आणायची गरज नसते. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात तांबं विरघळलं की क्युप्रिक क्लोराइड आपोआप बनतं. रंग पाचूसारखा हिरवा, आणि मुख्य म्हणजे आरपार दिसतं. ट्रेच्या तळाशी ठेवलेल्या बोर्डावरून तांब्याची किनार सरकत जाताना, मागचा फिका फायबर उघडा पडताना वरूनच दिसतो. शेवटचा ठिपका गेला की एकदाच उचलायचा. माझ्या लेखी निकाल इथेच लागला.

दुसरा फायदा खिशाचा. वापरून वापरून द्रावण काळपट होतं, कारण क्युप्रिकचं क्युप्रस, म्हणजे तांबं न खाणारं क्लोराइड, होतं. फिशटँकच्या पंपाने हवा सोडली की ते पुन्हा हिरवं होतं. अधूनमधून थोडं ॲसिड घालावं लागतं, बाकी तेच द्रावण वर्षानुवर्षं चालतं. वेगाचं म्हणाल तर कोमट फेरिक जरा आधी उरकतं असं वाटतं, घड्याळ लावून पाहिलेलं नाही.

खोट आहेच. ॲसिडच्या वाफा घशाला लागतात आणि आसपासचे पाने-पक्कड गंजवतात. त्यामुळे गच्ची किंवा मोकळी बाल्कनी नसेल तर हा नाद नको. ॲसिड मिळवणंही पूर्वीसारखं सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर दुकानदाराने ओळखपत्र बघणं, वहीत नोंद करणं अपेक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. ताज्या मिश्रणाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो. डोळ्यांना चष्मा हवाच, तो फेरिकलाही हवा.

टाकाऊ द्रावणाचं दुखणं दोघांचं सारखंच. त्यात तांबं असतं, मोरीत ओतू नये. धुण्याचा सोडा फेस यायचा थांबेपर्यंत थोडा थोडा घालायचा, गाळ बसू द्यायचा आणि तो बाटलीत वेगळा ठेवून घातक कचऱ्यात द्यायचा. फक्त क्युप्रिकच्या बाबतीत ही वेळ फार क्वचित येते.

तेव्हा वर्षाकाठी एखादाच बोर्ड करायचा असेल, किंवा फ्लॅटमध्ये खिडकीपलीकडे जागाच नसेल, तर फेरिक आणा आणि खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा, मी नाही म्हणणार नाही. पण महिन्याला दोन-तीन बोर्ड होत असतील आणि गच्ची असेल, तर माझं मत हिरव्याला. सुरुवातीला चांगला बोर्ड त्यात घालू नका. ताज्या मिश्रणाचा जोर बेभरवशाचा असतो, मार्करची शाईही उचलतो. आधी जुन्या वायरचे सोललेले तांब्याचे तुकडे टाका, बुडबुडे निवू द्या, रंग गडद हिरवा झाला की मग बोर्ड घाला.