इंजिनिअरिंग की बी.एस्सी. फिजिक्स?

फिजिक्स मनापासून आवडतं आणि सीईटीचे पर्सेंटाइलही बरे आलेत, अशा मुलांच्या घरी कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या दिवसांत हाच प्रश्न असतो. मी आधी इंजिनिअरिंगचं एक वर्ष केलं, मग बी.एस्सी.ला आलो. फी, कटऑफ, विषयांच्या याद्या तुम्ही पाहिल्या असतीलच, म्हणून त्या सोडून बोलतो.

इंजिनिअरिंगची बाजू खरोखर भक्कम आहे. माझा मावसभाऊ बाविसाव्या वर्षी घरी पगार आणू लागला. मला पंचविशी उजाडली. घरावर कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर हा फरक लहान नाही. नुसत्या बी.एस्सी.वर फिजिक्सचं काम मिळणं अवघड, एम.एस्सी. धरूनच चालावं लागतं.

तरी मी इंजिनिअरिंग सोडलं, ते न्यूटन्स रिंग्जच्या प्रयोगामुळे. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवलं की प्रकाशाची उजळ-काळी वलयं दिसतात, त्यांच्या व्यासांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची.

पहिलं सेमिस्टर. एका ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपभोवती आम्ही आठ जण. माझी पाळी आली तेव्हा वलयांच्या मधला ठिपका उजळ दिसला. पुस्तकात तो काळा. विचारलं तर उत्तर आलं, "काळाच लिही, शुक्रवारी सबमिशन आहे." रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी सगळ्यांचीच 5893 अँगस्ट्रॉमला चिकटलेली. वर्षभर प्रत्येक प्रयोगाचं हेच झालं आणि दर वेळी मला ते जास्त खुपत गेलं.

बी.एस्सी.ला तोच प्रयोग, एका मायक्रोस्कोपवर मी एकटा. ठिपका पुन्हा उजळ. सरांनी भिंग काढून पुसायला लावलं. धुळीमुळे काचा एकमेकींना टेकत नव्हत्या, मध्ये हवेची फट राहत होती. धूळ गेली आणि ठिपका काळा झाला, कारण खालच्या काचेवरून परतणारी लाट अर्ध्या तरंगलांबीने उलटते. मग सर म्हणाले, "ठिपका उजळच राहिला असता, तर तुझं उत्तर चुकलं असतं का?" रात्री आलेख काढताना कळलं की नसतं चुकलं. आपण वलयाचा क्रमांक आणि त्याच्या व्यासाचा वर्ग यांच्या आलेखातल्या रेषेचा चढ वापरतो. फटीमुळे ती अख्खी रेषा सरकते, चढ तोच राहतो. माझं उत्तर मात्र सहा हजारांच्या वर गेलं होतं. मायक्रोस्कोपचा स्क्रू मध्येच उलटा फिरवल्याने बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधल्या ढिलाईची चूक आली होती. सरांनी तोच आकडा जर्नलात लिहायला लावला, कारणासकट.

इंजिनिअरिंगची सगळी कॉलेजं अशी नसावीत, आणि जर्नलं उतरवणारे वर्ग बी.एस्सी.लाही आहेत. म्हणून प्रवेश कुठेही घ्या, आधी प्रयोगशाळा बघून या. एका उपकरणावर किती मुलं असतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

पुढच्या वाटा वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल इंजिनिअरही घेतं आणि फिजिक्सचे एम.एस्सी.ही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला 2023 मध्ये सुमारे 2600 कोटींची मंजुरी मिळाली. चार किलोमीटरच्या दोन भुजांमधली निर्वात पोकळी आणि त्यातले लेझर सांभाळायला दोन्हीकडची माणसं लागणार. बी.एस्सी.नंतर पात्रता बसत असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. उलट बाजूने इंजिनिअरिंगनंतर जेस्ट ही फिजिक्सच्या पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देऊन काही संस्थांत फिजिक्सकडे वळता येतं.

मी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. केलं, मग रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि इंटर्नशिप. आता कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. ही वाट बारावीच्या मुलांना फारशी कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

रेडिएशन देणाऱ्या मशीनचा डोस आम्ही सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी मोजतो. मध्यंतरी एकदा रीडिंग कमी आलं. कालचा आकडा वहीत समोरच होता, बाहेर रुग्ण थांबले होते. पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. मग लक्षात आलं, रात्री एसी बंद पडला होता. खोली तापली होती, मोजणाऱ्या चेंबरमधली हवा विरळ झाली होती आणि मी तापमान मात्र रोजचंच धरलं होतं. थर्मामीटर पाहून दुरुस्ती घातली, आकडा जागेवर आला. मग पहिल्या आजींना आत घेतलं.