ईपेच्या भावात मेरांटी : ३,२४,७५० रुपयांची फरशी

आल्लापल्लीचा साग नुसत्या भुश्याच्या वासावरून ओळखणारा माणूस ब्राझीलच्या लाकडात फसला, हे लिहिताना लाज वाटते. पण नागपुरात हाच माल, ईपेच्या नावाखाली आग्नेय आशियातलं हलकं मेरांटी, अजून विकला जातोय, म्हणून लिहितोय.

सौदा असा : ईपे, म्हणजे व्यापारी ज्याला ‘ब्राझिलियन वॉलनट’ म्हणतात ते. ६ फूट लांब, ४ इंच रुंद, १९ मिमी जाड पट्ट्या, ४२० चौरस फूट, दर ६८५. एकूण २,८७,७००. त्यातले दोन लाख आगाऊ. बसवायची मजुरी ३७,०५० वेगळी. नमुना दाखवला तो अस्सल होता, हे आजही छातीठोकपणे सांगतो. नमुन्यात कोणीच फसवत नाही.

कळायला हवं होतं ते माल उतरताना. ईपेचं वजन घनमीटरला हजार किलोच्या वर. या मापाची एक पट्टी पावणेचार किलोच्या आसपास भरायला हवी, दहाचा गठ्ठा ३७ किलोचा. हमाल दोन-दोन गठ्ठे डोक्यावर घेऊन जिना चढत होता आणि मी वर उभा राहून “बरा आहे गडी” म्हणत होतो! नंतर काट्यावर टाकली तर पट्टी २ किलो ३५० ग्रॅम. धर्मकाट्याची पावती मागितली असती तर तिथंच गाडी परत गेली असती.

त्याहून जिव्हारी लागतो तो कागद. रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र हातात होतं. मी शिक्का पाहिला, तारीख पाहिली. शास्त्रीय नावाच्या रकान्यात ‘शोरिया’ लिहिलं होतं. शोरिया म्हणजे आपल्या साल वृक्षाची प्रजाती (जीनस), मेरांटी त्यातलीच. ब्राझीलमध्ये कुठून येणार? ईपे आणि कुमारू (तिकडचंच दुसरं जड लाकूड) २५ नोव्हेंबर २०२४ पासून साइटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यानंतरच्या मालाला निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो. तो मागायचा, आणि त्यावरचं नाव वाचायचं. नुसता शिक्का बघू नका.

माल ‘भट्टीत वाळवलेला’ होता म्हणे. मीटरनं ओलावा १७ टक्के दाखवला. तोही बसवून झाल्यावर लावला, कारण कारागिरांचा दिवस वाया जात होता. (घाई सगळ्यांनाच असते.) ८ ते १० टक्क्यांच्या वर असेल तर नागपुरात हात लावू नका. मे महिन्यात चार इंची पट्टी तीन मिमी आकसली, फटीत नाणं उभं राहतं. कूलरसमोरच्या पट्ट्या तेवढ्या फुगलेल्या. आणि पहिल्यांदा ओला पोछा मारला तर पांढरं फडकं कॉफीच्या रंगाचं झालं. रंग लाकडाचा नव्हता, वरून लावलेल्या स्टेनचा होता.

घरच्या घरी तपासता येतं. पट्टी आतपर्यंत घासून भुसा काढा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाका. ईपेतल्या पिवळ्या द्रव्यामुळे पाणी लाल होतं. नमुन्याचं झालं, आलेल्या मालाचं गढूळ राहिलं. तुकडा बादलीत टाका. ईपे बहुधा बुडतं, हे मजेत तरंगत होतं. वाद पेटलाच तर बंगळूरच्या लाकूड विज्ञान संस्थेत ओळख करून मिळते. पण ते पैसे देण्याआधी.

तक्रार? पोलीस म्हणाले, “दिवाणी मामला आहे.” लाकडातलं कळणारं खातं म्हणालं, विदेशी माल आमच्याकडे नाही. आयात बघणाऱ्यांनी कागद काढला आणि म्हणाले, माल शोरिया म्हणूनच आला, यात चूक काय? बरोबरच आहे, बंदरात कागद खरंच बोलला होता! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल ठेकेदाराच्या नावानं पाहून सांगितलं, “तुम्ही ग्राहकच नाही.” म्हणून बिल घरमालकाच्या नावानं घ्या. प्रत्येक टेबलावर झेरॉक्सचे दोन संच मात्र ठेवून घेतले.

बिलावर फक्त ‘ब्राझिलियन वॉलनट फ्लोरिंग’. शास्त्रीय नाव नाही, ओलावा नाही, वजन नाही. दुकानदार अजून फोन उचलतो, अगदी अदबीनं बोलतो : “भाऊ, ब्राझिलियन वॉलनट हे आमच्या कलर-शेडचं नाव आहे. लाकडाचं कुठं म्हटलं?”